चांगली असलेली कॅरव्हॅन लोक का विकतात? ब्रिटनमधल्या 'लेआउट बदला'चं सगळं गणित

मंडळी, आपल्याकडे घर लहान पडलं की लोक टू-बीएचके शोधतात. ब्रिटनमध्ये अशीच वेळ चाकांवरच्या घरावरही येते. कॅरव्हॅन ठणठणीत असते, रंगही उडालेला नसतो, पण घरच्यांची गरज बदललेली असते. मुलं मोठी झाली, कुणाचे गुडघे दुखायला लागले किंवा रोज संध्याकाळी सोफ्याचा पलंग करण्याचा कंटाळा आला. मग सुरू होतो शोध, आतली मांडणी वेगळी असलेल्या दुसऱ्या कॅरव्हॅनचा. जुनी द्यायची, वर पैसे भरायचे आणि दुसरी आणायची.

ऐकायला सोपा वाटणारा हा व्यवहार हजारो पौंडांचा असतो. त्यात चूक झाली तर पैसे जातातच, पण नवी कॅरव्हॅन आपल्या गाडीला न झेपणारी निघाली तर जीवावरही बेतू शकतं. म्हणूनच हा व्यवहार कसा होतो, कुठे फसगत होते आणि कोणता आकडा पाहायचा असतो, हे आज समजून घेऊया.

आधी हे सांगा, कॅरव्हॅन म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे कॅरव्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर येते सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हाही बहुतेकांच्या मनात स्वतःचं इंजिन असलेली मोठी गाडीच होती. ब्रिटनमध्ये तिला 'मोटरहोम' म्हणतात. तिथे नुसतं 'कॅरव्हॅन' म्हटलं की बहुतेकदा अर्थ होतो टुरिंग कॅरव्हॅन, म्हणजे इंजिन नसलेली, आपल्या कारच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, हीटर आणि छोटं बाथरूम असतं.

या हौसेचा इतिहास मोठा आहे. १८८५ मध्ये ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कारखान्याने विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकासाठी 'द वाँडरर' नावाची घोडे जोडायची कॅरव्हॅन बनवली. निव्वळ सहलीसाठी बांधलेली ती पहिली कॅरव्हॅन मानली जाते. १९०७ मध्ये कॅरव्हॅन क्लब सुरू झाला, तोच आजचा 'कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब'. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने कारच्या मागे ओढायच्या कॅरव्हॅन बनवायला सुरुवात केली. आज हल शहराचा परिसर या धंद्याचं मोठं केंद्र आहे. स्विफ्ट आणि कोचमन या कंपन्या तिथल्याच, तर बेली ही कंपनी ब्रिस्टलची.

लेआउट म्हणजे काय आणि तो का खुपतो?

लेआउट म्हणजे आतली मांडणी. सहा-सात मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद जागेत पलंग, ओटा, बाथरूम आणि बैठक कशी बसवली आहे, याचा नकाशा. मुख्य प्रकार असे:

• दोन माणसांची, मागे बाथरूम: पुढे समोरासमोर दोन लांब सोफे, मध्ये ओटा, मागच्या टोकाला पूर्ण रुंदीचं बाथरूम. सोफ्यांवरच झोपायचं किंवा त्यांचा मोठा पलंग करायचा. आटोपशीर आणि हलकी.

• कोपऱ्यातला कायमचा पलंग: भिंतीला लागून डबल बेड, ज्याला तिथे 'फ्रेंच बेड' म्हणतात. पायाकडचा एक कोपरा कापलेला असतो, म्हणजे बाजूने जाता येतं. गैरसोय एकच, पण रोजची. भिंतीकडे झोपलेल्याला रात्री उठायचं असेल तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं.

• आयलंड बेड: मधोमध पलंग आणि दोन्ही बाजूंनी उतरायची वाट. पन्नाशी-साठीतल्या जोडप्यांचा हा आवडता प्रकार. पण पलंग जागा खातो, त्यामुळे कॅरव्हॅन लांब आणि जड होते.

• दोन स्वतंत्र सिंगल बेड: घोरणाऱ्या जोडीदारावरचा रामबाण उपाय!

• बंक बेड: रेल्वेच्या बर्थसारखे वर-खाली पलंग. मुलं असलेल्या कुटुंबांसाठी.

आता लक्षात आलं असेल की लेआउट माणसाच्या वयाबरोबर बदलतो. लग्नानंतर दोघांची, मुलं झाली की बंक बेडची, मुलं घराबाहेर पडली की आयलंड बेडची. त्यामुळे जुन्या बाजारात येणाऱ्या अनेक कॅरव्हॅनमध्ये बिघाड काहीच नसतो, फक्त घर बदललेलं असतं.

बदलण्याआधी पावसाची परीक्षा

शोरूममध्ये प्रत्येक लेआउट छान दिसतो. दिवे लागलेले, उशा फुगवलेल्या, आत ना चिखलाचे बूट ना ओले टॉवेल. म्हणून जाणकार एक सोपी गोष्ट सांगतात. आत जा, दार लावा आणि पावसाचा एक अख्खा दिवस इथे कसा जाईल, ते करून पाहा. ब्रिटनमध्ये असा दिवस यायला फार वाट पाहावी लागत नाही.

घरचे सगळे एकाच वेळी आत बसा. पलंगावर खरोखर आडवे व्हा, उंच माणसाचे पाय बाहेर येतात का ते पाहा. एकाने ओट्याशी उभं राहावं आणि दुसऱ्याने त्याच्या मागून बाथरूमकडे जाऊन दाखवावं. बाथरूममध्ये उभं राहून अंग पुसण्याचा अभिनय करा. हसू येईल, पण नंतरचं रडू वाचेल. आणखी खात्री हवी असेल तर तसाच लेआउट असलेली कॅरव्हॅन दोन-तीन दिवस भाड्याने घेऊन राहून पाहणं उत्तम.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. त्रास लेआउटचाच आहे की गादीचा? पाठ दुखते म्हणून कॅरव्हॅन बदलायला निघालेल्यांचं काम कधीकधी सोफ्यांवर घालायच्या चांगल्या गादीने भागतं. ती काही शे पौंडांत येते, कॅरव्हॅन बदलायला काही हजार जातात.

जुनी विकायचे चार मार्ग

१. डीलरकडे एक्सचेंज. ब्रिटनमध्ये याला 'पार्ट एक्सचेंज' म्हणतात. आपल्याकडे दिवाळीत 'जुना फ्रीज द्या, नवा घेऊन जा' असतं ना, तसंच. एकाच दिवशी जुनी सोडायची आणि नवी घेऊन निघायचं. अनोळखी लोक घरी येत नाहीत, जाहिरात नाही, फोन नाहीत. जुनीवर कर्ज बाकी असेल तर ते फेडण्याचं कामही डीलर व्यवहारातच उरकू शकतो. बदल्यात किंमत कमी मिळते, कारण डीलरला ती दुरुस्त करून, वॉरंटी देऊन, नफा ठेवून पुन्हा विकायची असते.

२. थेट ग्राहकाला विक्री. किंमत साधारण सगळ्यात चांगली इथेच मिळते. पण जाहिरात, फोटो, घासाघीस आणि 'उद्या नक्की येतो' म्हणून न येणारी गिऱ्हाईकं, हे सगळं आपल्या माथी.

३. थेट रोख विक्री. डीलर किंवा 'आम्ही तुमची कॅरव्हॅन विकत घेतो' म्हणणाऱ्या कंपन्या लगेच पैसे देतात. सर्वांत जलद, पण बहुधा सर्वांत कमी किमतीत.

४. डीलरच्या आवारात ठेवून विक्री. कॅरव्हॅन आपल्याच मालकीची राहते, डीलर ती विकून देतो आणि कमिशन घेतो. इथे सगळं कागदावर हवं. किमान किंमत किती, कमिशन किती, पैसे किती दिवसांत मिळणार आणि विकली जाईपर्यंत विमा कुणाचा. डीलरचा धंदाच बुडाला तर 'ही कॅरव्हॅन माझी आहे' हे सिद्ध करायला हाच कागद उपयोगी पडतो.

फक्त एकच आकडा पाहा: वरचे पैसे

आता येतो सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एक्सचेंजमध्ये लोक विचारतात, "माझ्या जुनीचे किती देणार?" आणि इथेच फसतात. कारण डीलर जुनीचे जास्त देऊन नवीची किंमत तेवढीच चढी ठेवू शकतो. तुम्ही खूश, तोही खूश, फक्त खिसा तुमचा रिकामा!

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

• पहिला डीलर: नवीची किंमत १८,५०० पौंड, जुनीचे देणार ९,००० पौंड. वरचे पैसे ९,५०० पौंड.

• दुसरा डीलर: तसल्याच कॅरव्हॅनची किंमत १७,२०० पौंड, जुनीचे देणार ८,००० पौंड. वरचे पैसे ९,२०० पौंड.

पहिल्याने जुनीचे हजार पौंड जास्त दिले, तरी व्यवहार दुसऱ्याकडेच ३०० पौंडांनी स्वस्त पडला.

आता तिसरी शक्यता पाहा. दुसऱ्या डीलरला विचारलं, "एक्सचेंज नको, सरळ पैसे देतो, किती कमी कराल?" तो १६,९०० वर आला. जुनी कॅरव्हॅन थेट ग्राहकाला ९,५०० ला गेली. वरचे पैसे राहिले ७,४००. म्हणजे एक्सचेंजची सोय आपल्याला १,८०० पौंडांना पडत होती. जाहिरात, सर्व्हिसिंग आणि साफसफाईला ३०० गेले, तरी दीड हजार वाचले.

मग एक्सचेंज कधीच करू नये का? तसं नाही. ज्यांच्याकडे दोन कॅरव्हॅन उभ्या करायला जागा नाही, आधी विकली तर सुट्टी बुडेल आणि आधी घेतली तर पैसे अडकतील, त्यांच्यासाठी दीड हजार हा त्या सोयीचा दाम आहे. तो द्यायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण आकडा माहीत असूनच ठरवावं. म्हणून प्रत्येक डीलरला दोन प्रश्न विचारा: एक्सचेंजसह वरचे किती आणि एक्सचेंजशिवाय नवीचे किती?

जुनीची किंमत ठरवताना डीलर 'ग्लासेस' या संस्थेच्या व्यापारी दरांचा आधार घेतात. आपण मात्र जाहिरातींमध्ये तेच मॉडेल, तेच वर्ष आणि तोच लेआउट शोधून दहा-बारा किमती लिहून काढाव्यात. एक लक्षात असू द्या, जाहिरातीतली किंमत ही मागणी असते, मिळालेली रक्कम नसते.

डीलर तुमच्या कॅरव्हॅनमध्ये काय पाहतो?

कॅरव्हॅनचा शत्रू क्रमांक एक म्हणजे ओल. सांध्यांमधून, खिडक्यांच्या कडांमधून पाणी आत झिरपतं आणि भिंतीतलं लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून डीलर दोन टोकांचं छोटं यंत्र भिंतीला ठिकठिकाणी लावून ओलाव्याची टक्केवारी मोजतो. ढोबळमानाने १५ टक्क्यांपर्यंत काळजी नसते, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर दुरुस्तीची चिन्हं आणि ३० च्या पुढे सांगाडा खराब झाल्याची शंका. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अनेक कंपन्यांनी सांगाड्यातलं लाकूड कमी केलं किंवा काढूनच टाकलं, तरी सांध्यांची तपासणी चुकत नाही.

त्यानंतर पाहतात सर्व्हिसची कागदपत्रं. पाणी झिरपण्याविरुद्धची कंपनीची वॉरंटी साधारणपणे दरवर्षी मान्यताप्राप्त ठिकाणी सर्व्हिस केली असेल तरच टिकते. एक वर्ष चुकलं तर ती संपू शकते. वॉरंटी शिल्लक असेल आणि पुढच्या मालकाच्या नावे होत असेल, तर तुमच्या कॅरव्हॅनची किंमत आपोआप वाढते.

मग टायर. वर्षातून थोडेच दिवस फिरल्याने कॅरव्हॅनच्या टायरची नक्षी झिजत नाही, पण उभ्या उभ्या रबर म्हातारं होतं. पाच वर्षांनी बदला आणि सातच्या पुढे वापरूच नका, असा तिथला सर्वसाधारण सल्ला आहे. टायरवरच्या चार आकड्यांमधले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा.

विकण्याआधी काय करावं? एक ओल-तपासणी करून तिचा लेखी अहवाल घ्यावा, सर्व्हिस करावी, आतून-बाहेरून स्वच्छ धुवावी, सगळे दिवे, पंप, हीटर चालू असल्याची खात्री करावी. मोठ्या सजावटीवर पैसे घालू नयेत, ते परत येत नाहीत. आणि दोष लपवू नये. विचारल्यावर खोटं सांगितलं तर थेट ग्राहकही नंतर भरपाई मागू शकतो.

कागदपत्रं: इथे सगळ्यात मोठी गोम आहे

ब्रिटनमध्ये टुरिंग कॅरव्हॅनला स्वतःचा नंबर नसतो! मागे ओढणाऱ्या कारचाच नंबर लावायचा असतो. त्यामुळे आपल्या आरसी बुकसारखी सरकारी नोंद तिच्या बाबतीत नसते. मग चोरीची कॅरव्हॅन ओळखायची कशी?

यासाठी १९९२ पासून 'क्रिस' नावाची नोंदणी व्यवस्था आहे. प्रत्येक कॅरव्हॅनला १७ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक मिळतो. तो सांगाड्यावर असतो आणि खिडक्यांच्या काचांवरही कोरलेला असतो. जुनी विकत घेताना हा क्रमांक सगळ्या ठिकाणी सारखाच आहे ना, काचेवर कुणी खरवडलेलं नाही ना, हे पाहावं आणि थोडं शुल्क भरून क्रिसकडून तपासून घ्यावं. चोरीची नोंद, अपघातात निकामी ठरल्याची नोंद आणि थकलेलं कर्ज, तिन्ही त्यात कळतात. पण क्रिसचा कागद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. खरेदीची मूळ पावती मागायचीच.

कर्जाचा मुद्दा तर नीट वाचा. हायर पर्चेसवर घेतलेली वस्तू शेवटचा हप्ता भरेपर्यंत कर्ज देणाऱ्या कंपनीची असते. कारच्या बाबतीत १९६४ चा हायर पर्चेस कायदा अजाण खासगी ग्राहकाला वाचवतो. त्याला कर्जाची कल्पना नव्हती आणि त्याने प्रामाणिकपणे कार घेतली, तर ती त्याचीच राहते. पण हे संरक्षण इंजिनावर चालणाऱ्या वाहनांना आहे. टुरिंग कॅरव्हॅनला इंजिनच नाही! म्हणजे आधीच्या मालकाने हप्ते बुडवले असतील, तर कंपनी तुमच्या दारातून कॅरव्हॅन घेऊन जाऊ शकते.

विकणाऱ्यानेही हे पाळावं. कर्ज फेडल्याचं पत्र आधी हाती घ्या, मग विका. पैसे बँकेत प्रत्यक्ष जमा झालेले स्वतःच्या खात्यात पाहिल्याशिवाय किल्ल्या देऊ नका. 'पैसे पाठवले' असा ईमेल किंवा मोबाईलवरचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. विक्रीनंतर नवा मालक क्रिसला कळवा, विमा कंपनीला सांगा आणि दोघांच्या सह्यांची पावती ठेवा.

नवा लेआउट, नवं वजन

आता तो मुद्दा, ज्यात पैशांपेक्षा जास्त काही पणाला लागतं. आयलंड बेड हवा म्हणून माणूस मोठी कॅरव्हॅन निवडतो, पण ती ओढणारी कार तीच असते.

प्रत्येक कॅरव्हॅनवर एक पाटी असते. त्यावर सामानासह कमाल किती वजन चालेल, ते लिहिलेलं असतं. तिथला सर्वमान्य सल्ला असा, की नवख्या चालकाने कॅरव्हॅनचं भरलेलं वजन कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. हा कायदा नाही, सल्ला आहे. कार कंपनीने ठरवलेली ओढण्याची कमाल मर्यादा मात्र पाळावीच लागते.

समजा, कार १,६०० किलोची आहे. ८५ टक्के म्हणजे १,३६० किलो. जुनी दोघांची कॅरव्हॅन १,३०० किलोची, म्हणजे ठीक. नवी आयलंड बेडची १,५०० किलोची. हे प्रमाण जवळपास ९४ टक्के झालं. अनुभवी चालक ती ओढेलही, पण बाजूने मोठा ट्रक गेला किंवा उतारावर वेग वाढला, तर मागची कॅरव्हॅन सापासारखी वळवळू लागण्याचा धोका वाढतो. ती आवरली नाही, तर कारसकट उलटते.

दुसरी बाजू सामानाची. पाटीवरच्या कमाल वजनातून रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन वजा केलं की उरतं ते तुमच्या सामानासाठी. ते कधीकधी जेमतेम १५० किलो असतं. त्यातून कॅरव्हॅन जागेवर सरकवायची मोटर ३० किलो, बॅटरी साधारण २५, बाहेरचा तंबू २५. उरले ७० किलो. यात अंथरुणं, भांडी, खुर्च्या, कपडे आणि खाणंपिणं! काही मॉडेलची कमाल मर्यादा कंपनीकडून पैसे भरून थोडी वाढवून मिळते, पण ते आधी विचारायला हवं.

तिसरी गोष्ट, वजन कुठे पडतं. कॅरव्हॅनचं नाक कारच्या हुकवर जितका भार टाकतं, त्यालाही मर्यादा असते आणि ती कार, हुक व सांगाडा यांपैकी जो सर्वांत कमी असेल तो आकडा. साधारणपणे हा भार भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. मागे बंक बेड असले आणि मुलांचं सगळं सामान तिकडेच कोंबलं, तर शेपूट जड होऊन नाक हलकं पडतं आणि तीच वळवळ सुरू होते. म्हणजे लेआउट बदलला की सामान भरायची सवयही बदलावी लागते.

लायसन्सचं काय? १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याआधी १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना जड जोडीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. परीक्षा गेली, पण भौतिकशास्त्राचे नियम तेच राहिले. त्यामुळे मोठी कॅरव्हॅन घेणाऱ्यांनी दोन्ही मोठ्या क्लबांपैकी एकाचा ओढण्याचा प्रशिक्षण वर्ग केलेला बरा.

यादीत नसलेले खर्च

वरचे पैसे ठरले, आता संपलं? नाही. या गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत:

• तंबू: पूर्ण लांबीचा तंबू कॅरव्हॅनच्या मापाचाच लागतो. कॅरव्हॅन बदलली की तो बसेलच असं नाही.

• चाकाचं कुलूप: काही कुलपं विशिष्ट चाकांनाच बसतात. विमा कंपनीची अट असेल तर नवं घ्यावंच लागतं.

• सरकवायची मोटर: जुनीवरून काढून नवीवर बसवता येते, पण मजुरी लागते. चार चाकांच्या कॅरव्हॅनला तर वेगळी, महाग मोटर लागू शकते.

• उभी करायची जागा: घरासमोर मावते का ते मोजा. पाटीवरची लांबी बघताना पुढचा जोडदांडाही धरा. भाड्याच्या जागेत लांबीनुसार भाडं वाढू शकतं.

• विमा: किंमत वाढली की हप्ताही वाढतो.

हे सगळे आकडे वरच्या पैशांत मिळवा. जी बेरीज येईल, तो तुमचा खरा खर्च.

डीलरकडून घेतली तर कायदा कुठवर साथ देतो?

२०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार डीलरकडून घेतलेली जुनी कॅरव्हॅनही तिच्या वयाला आणि किमतीला साजेशी चांगली असायला हवी. सदोष निघाली तर पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं आणि डीलरला दुरुस्तीची एक संधी मिळते. तीही फसली तर परत करणं किंवा किंमत कमी करून घेणं शक्य असतं.

खासगी विक्रेत्याकडून घेतली तर एवढं संरक्षण नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे असावी आणि विकणाऱ्याला विकायचा हक्क असावा, इतकंच. म्हणून तिथे स्वतंत्र तपासनीसाकडून पाहणी करून घेणं शहाणपणाचं.

एक सोपी युक्ती: आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. कॅरव्हॅनची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याने कार्ड कंपनीही डीलरइतकीच जबाबदार ठरते, रकमेचा थोडाच भाग कार्डाने भरला असला तरीही.

आणि एक्सचेंजची किंमत लेखी घ्या. नवी यायला तीन महिने असतील, तर तोवर जुनीचा भाव तोच राहील का, कोणत्या कारणाने तो कमी करता येईल, हे कागदावर असू द्या. 'पाहणीनंतर' हा शब्द दिसला तर ती पाहणी सही करण्याआधी करायला सांगा.

कधी विकावी?

वसंत ऋतू जवळ आला की ब्रिटनमध्ये सुट्ट्यांचे बेत सुरू होतात, तेव्हा जुन्या कॅरव्हॅनना मागणी असते. त्यामुळे थेट विकायची असेल तर फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. घ्यायची असेल तर उलट. नवी मॉडेल शरद ऋतूत येतात, तेव्हा डीलरला जुना माल हलवायचा असतो. बर्मिंगहॅमच्या एनईसी केंद्रात फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमध्ये मोठी प्रदर्शनं भरतात. डझनावारी लेआउट एकाच छताखाली आत बसून पाहायला याहून चांगली जागा नाही. फक्त तिथल्या 'आजच सही करा' ऑफरच्या मोहात पडू नका. आधी वरचे पैसे काढा, गाडीचं वजन तपासा, मग पेन उचला.

तर मंडळी, पलंगाची दिशा बदलायची म्हटलं तरी केवढं गणित मांडावं लागतं बघा! तुमचे कुणी नातेवाईक किंवा मित्र ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन घेण्याच्या विचारात असतील, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि तुम्हाला चाकांवरचं घर मिळालं, तर कोणता लेआउट निवडाल? आम्हाला जरूर सांगा.